चिंता असूनही मेद का वाढतो?
(स्थौल्य, रजोनिवृत्ती आणि चालू औषधे : एक चिकित्साविचार)

प्रास्ताविक

स्थौल्य हा विषय आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विचार एकत्र केला आणि या दोहोंत कृशता बरी असा स्पष्ट निर्णय दिला. वाग्भटाचार्यांनी त्याचे कारण सांगितले. स्थूल व्यक्तीचे बृंहण करावे तर मेद वाढतो, लंघन करावे तर वाढलेला अग्नी व वायू ते सहन होऊ देत नाहीत. मेद, अग्नी आणि वात या तिघांना एकाच वेळी जिंकील असा उपाय सापडणे कठीण, ही या व्याधीची खरी अडचण आहे.

आज ही अडचण आपल्या दारात रोज उभी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनी अथवा स्थूल आढळल्या. कटिघेराचे मोजमाप लावले तेव्हा उदरस्थौल्याचे प्रमाण स्त्रियांत ४० टक्के व पुरुषांत १२ टक्के भरले. म्हणजे वजनकाट्यावर फारशी जाड न दिसणारी पुष्कळ स्त्री प्रत्यक्षात मेदोदुष्टीने ग्रस्त आहे.

यांपैकी एका विशिष्ट गटाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. वय पंचेचाळीसच्या पुढे, रजोनिवृत्ती जवळ आलेली किंवा होऊन गेलेली, आधुनिक वैद्यकाची दोन-तीन औषधे चालू, डोक्यावर संसाराचा भार आणि डोळ्यांवर अपुरी झोप. अशी रुग्णा अनेक उपाय करते, पण वजन उतरत नाही. तिच्याबाबत ‘कमी खा, जास्त चाला’ एवढेच सांगून वैद्याचे कर्तव्य संपते काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रातिनिधिक रुग्णचित्र

पुढील वर्णन कोणा एका व्यक्तीचे नाही. वरळीच्या बीडीडी चाळीच्या परिसरात वारंवार आढळणाऱ्या गोष्टी येथे एकत्र केल्या आहेत.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात या चाळी उभ्या केल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी मिळून २०७ इमारती होत्या, त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची आणि शौचालय सामाईक. गिरणी कामगारांच्या तीन-चार पिढ्या येथे नांदल्या.

अशा चाळीतील रुग्णा, वय ४७. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७४ किलो, कटिघेर ९८ सेंटिमीटर. पती रात्रपाळीला. पहाटे पाणी भरण्यासाठी साडेचारला उठणे, मग डबे, मुलांचे शिक्षण, सासूबाईंचे आजारपण. रात्री सर्वांची जेवणे आटोपून स्वतः जेवायला अकरा वाजतात. पाठ टेकते बारानंतर. दुपारी जेवण झाले की तास-दीड तास गाढ झोप. गेले वर्षभर पाळी अनियमित, मध्येच अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो. थायरॉक्सिनची गोळी, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, डोकेदुखी व झोपेसाठी ॲमिट्रिप्टिलीन, आणि दम्याचा जोर वाढला की प्रेडनिसोलोनचा आठवडा.

वजन कमी करण्यासाठी तिने सकाळी गरम पाण्यात मध-लिंबू घेतले, रात्रीचे जेवण सोडले, संकष्टी व एकादशी धरली. मात्र उपवासाला साबुदाण्याची खिचडी व बटाट्याचे वेफर्स होतेच. तीन किलो उतरले, चार किलो परत आले. आता ती म्हणते, “डॉक्टर, मी पाणी प्यायले तरी अंगाला लागते.” हे वाक्य आपण प्रत्येकाने ऐकले आहे. ते हसण्यावारी नेऊ नये. त्यात संप्राप्ती दडलेली आहे.

निदानविचार : अचिंतन की चिंता?

चरकोक्त स्थौल्यहेतू सर्वांना पाठ आहेत. अतिसंपूरण, गुरु, मधुर, शीत, स्निग्ध आहार, अव्यायाम, दिवास्वप्न, नित्य आनंदात असणे, चिंता नसणे, आणि बीजस्वभाव. चिकित्सेतही जागरण, व्यायाम व चिंतन यांचा हळूहळू वाढता अभ्यास सांगितला आहे. आता ही यादी वरील रुग्णेला लावून पाहावी. नित्य आनंद नाही. चिंता तर अहोरात्र. जागरण सक्तीचेच. शास्त्राने मेदोनाशक म्हणून सांगितलेल्या दोन गोष्टी तिच्याकडे मुबलक असताना मेद मात्र वाढतोच आहे. मग शास्त्र चुकले काय?

शास्त्र चुकलेले नाही. आपण त्याचे एकच पान वाचतो. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की, मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखदायक शय्या आणि जागरण यांमुळे पचत नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात स्थौल्य व कार्श्य दोन्ही रसावर अवलंबून असल्याचे सांगून, न पचलेला मधुर अन्नरस शरीरात फिरत राहून अतिस्नेहामुळे मेद उत्पन्न करतो, अशी संप्राप्ती दिली. ही दोन वचने एकापुढे एक ठेवली की साखळी पूर्ण होते. चिंता व जागरण यांमुळे अन्नाचा परिपाक बिघडतो, अन्नरस आम राहतो, आणि या आमरसातून मेदाची वाढ होते. मेदोधात्वग्नी मंद असल्याने पुढील अस्थी-मज्जादी धातूंना पोषण मिळत नाही. म्हणूनच या रुग्णेत वाढलेल्या पोटाबरोबर गुडघे व कंबर दुखणे, केस गळणे, थकवा ही क्षयाची लक्षणेही दिसतात.

येथे एक शंका येईल. अग्नी मंद असेल तर रात्री अकराला एवढी भूक कशी? मेदाने स्रोतसे रोधली गेल्यामुळे वायू कोष्ठात संचार करून जाठराग्नीला फुंकर घालतो, हे चरकाचार्यांनीच सांगितले आहे. भूक तीव्र, पण पुढच्या पायरीवर पचन मंद, अशी ही विषम स्थिती होय. केवळ भुकेवरून अग्नी उत्तम आहे असे मानणारा वैद्य येथे फसतो.

चरकाचार्यांनी चिकित्सा म्हणून सांगितलेले जागरण व चिंतन हे सुखासीन, निश्चिंत, भरपूर झोपणाऱ्या व्यक्तीसाठी आहे. त्या काळी स्थौल्य बहुधा संपन्न घरात येत असे. आज ते १६० चौरस फुटांत येते. पहिल्यात संतर्पण हा हेतू मुख्य, दुसऱ्यात अग्निवैषम्य व मनोदोष मुख्य. नाव एकच असले तरी संप्राप्तिभेद लक्षात न घेता दोघांना सारखेच कर्षण दिले तर दुसरी रुग्णा अधिक दुर्बल होते आणि तिचा मेद जेथल्या तेथे राहतो.

झोपेचा मुद्दा तर त्याच अध्यायात आहे. अष्टौनिंदितीयाच्या उत्तरार्धात निद्रेचे विवेचन का आले, याचा विचार आपण क्वचितच करतो. देहाच्या स्थूल-कृशतेचा आहाराशी जेवढा संबंध, तेवढाच निद्रेशी आहे, ही आचार्यांची भूमिका आहे. रात्रीचे जागरण रूक्ष व वातकर. दिवसाची झोप स्निग्ध व कफमेदकर. आपली रुग्णा दोन्ही करते. रात्रीच्या जागरणाने मेद झडत नाही, वायू मात्र वाढतो. आणि दुपारच्या झोपेने मेदात भर पडते.

आधुनिक संशोधन याला पुष्टी देते. २००४ साली शिकागो येथील प्रसिद्ध प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार तास झोपू दिले. दोन रात्री दहा तास अंथरुणात घालवल्यानंतरच्या स्थितीशी तुलना करता तृप्ती देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, भूक वाढवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, आणि गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची ओढ वाढली. तसेच सततच्या ताणात वाढणारे कॉर्टिसॉल उदरभागी मेदसंचय करते. पाणी भरून झाल्यावर चहाबरोबर खारी-बटर खावेसे वाटणे हा सर्वस्वी जिभेचा चोचला नसतो.

वय, बीज आणि अंतःस्राव

सुश्रुताचार्यांनी रजःक्षयाचे वय पन्नास सांगितले आहे. भारतीय स्त्रियांत आज ते साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास येते. या काळात वात वाढू लागतो, मांस घटते. इस्ट्रोजेन कमी झाल्याने नितंब व मांड्यांकडे साठणारा मेद उदराकडे वळतो. म्हणजे वजन तेच राहूनही कटिघेर वाढू शकतो. रुग्णेने हे समजून घेतले की तिची अपराधी भावना बरीच कमी होते.

थायरॉइडच्या न्यूनतेबाबत मात्र गैरसमज फार आहेत. या व्याधीत वाढणारे वजन सामान्यतः थोडे, दोन ते पाच किलोच्या आसपास असते आणि त्यातही क्षार व जलांशाचा वाटा मोठा असतो. गोळी सुरू होऊन रक्तातील टी.एस.एच. योग्य पातळीवर आले तरी पंधरा-वीस किलो आपोआप उतरतील अशी आशा दाखवू नये. तरुण मुलीत अनियमित पाळी, मुखावर केस व वाढते वजन दिसल्यास बीजकोषातील ग्रंथींचा विचार करावा. तेथे वजनात पाच टक्के घट झाली तरी आर्तव नियमित होण्यास मदत होते.

बीजस्वभाव या शब्दाचा आजच्या काळातील अर्थ समजण्यास पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे कार्य फार उपयुक्त आहे. त्यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास केला. तेथील बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो. वजन एवढे कमी असूनही आपल्या बालकांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. कमी होते ते मांस. ‘कृश दिसणारा पण मेदस्वी’ हा भारतीय देह गर्भातच घडू लागतो. याच कारणाने २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी मर्यादा खाली आणल्या : देहभारांक २३ पासून अतिवजन, २५ पासून स्थौल्य, कटिघेर स्त्रियांत ८० व पुरुषांत ९० सेंटिमीटर. वरील रुग्णेचा देहभारांक ३२ येतो.

चालू औषधांचा विचार

या गटातील रुग्णेला प्रश्न विचारताना ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न प्रथम असावा. पिशवीतील सर्व गोळ्या टेबलावर मांडावयास सांगाव्यात. वजन वाढवू शकणारी सामान्य औषधे अशी : प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन आदी स्टेरॉइड्स; इन्सुलिन, ग्लिमेपिराइड व पायोग्लिटाझोन; मनोविकारांवरील ओलान्झापिन, क्लोझापिन; ॲमिट्रिप्टिलीन, मिर्टाझापिन; अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट; रक्तदाबासाठीची ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल; तसेच दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे गर्भनिरोधक इंजेक्शन. दमा वा सांधेदुखीसाठी कोठून तरी आणलेली, वेष्टनावर काहीही न लिहिलेली पुडी असेल तर तीत स्टेरॉइड असू शकते. गोल चेहरा, मानेमागे चरबी, पोटावर जांभळट रेषा, सहज काळेनिळे पडणारी त्वचा ही लक्षणे अवश्य पाहावीत.

परंतु कारण सापडले म्हणून ते औषध आपण बंद करावे असे मुळीच नाही. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अकस्मात थांबविल्यास अधिवृक्क ग्रंथींचे कार्य अपुरे पडून प्राणावर बेतू शकते. अपस्मार व मनोविकाराच्या औषधांचीही तीच गत. रुग्णेच्या हाती मूळ चिकित्सकासाठी चिठ्ठी द्यावी : वजन वाढत आहे, पर्यायी औषधाचा विचार होऊ शकेल काय? अशा चिठ्ठीने आपला मान कमी होत नाही, वाढतोच.

याहून महत्त्वाची सावधगिरी आपल्या स्वतःच्या उपक्रमांबाबत हवी.

१) ग्लिमेपिराइड वा इन्सुलिन चालू असताना लंघन सांगितल्यास रक्तशर्करा एकाएकी घसरून मूर्च्छा येऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या रुग्णाने दीर्घ उपवास केल्यास शर्करा फारशी न वाढताही रक्तातील अम्लता धोकादायक होऊ शकते. म्हणून मधुमेहाच्या रुग्णाला मूळ चिकित्सकाशी बोलल्याविना लंघन नको.

२) थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यावे व त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-न्याहारी टाळावी. लोह व कॅल्शियम त्याचे शोषण रोखतात. म्हणून मंडूर, लोह, शंख, प्रवाळ यांचे कल्प किमान चार तासांच्या अंतराने द्यावेत. अश्वगंधेने काही व्यक्तींत थायरॉइडचे अंतःस्राव वाढल्याचे आढळले आहे. ती देताना रक्ततपासणी करावी.

३) मूत्रल औषधे चालू असता तीव्र विरेचन देऊ नये, जल व क्षार यांचा ऱ्हास होतो.

४) सेमाग्लुटाइड व टिर्झेपॅटाइड ही वजन उतरविणारी इंजेक्शने २०२५ साली भारतात स्थौल्यासाठी उपलब्ध झाली. त्यांनी आमाशय रिकामे होण्यास विलंब लागतो, मळमळ व उलट्या होतात. असे इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाला वमन अथवा अच्छस्नेहपान देण्याचे टाळावे.

चिकित्सासूत्र

चरकाचार्यांनी स्थूलासाठी गुरु परंतु अपतर्पण करणारे अन्न सांगितले आहे. गुरु यासाठी की भडकलेला जाठराग्नी शांत व्हावा. अपतर्पण यासाठी की मेदाला पोषण मिळू नये. जेवण सोडून चहा व बिस्किटांवर राहणारी स्त्री याच्या नेमके उलट वागते, कारण तिचे अन्न लघु असून संतर्पण करणारे असते. प्रस्तुत गटात क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

प्रथम निद्रा. रात्रीचे जेवण शक्य तेवढे आठपर्यंत आणावे. घरातील माणसे उशिरा येत असतील तर रुग्णेने त्यांच्यासाठी थांबू नये, हे पतीला व सासूबाईंना बोलावून सांगावे. वैद्याचा शब्द घरात मानला जातो; त्याचा येथे उपयोग करावा. पहाटे उठणे अटळ असेल तर रात्री दहाला दिवा मालवावा. दुपारी आडवे न होता खुर्चीत बसून डुलकी घ्यावी. बसल्या बसल्या घेतलेली झोप रूक्षही नाही व अभिष्यंदीही नाही असे शास्त्र आहे. रात्री तळपायाला तेल लावून काशाची वाटी फिरवावी. लहान खोलीत संपूर्ण उद्वर्तन व स्नान दररोज जमत नाही, पादाभ्यंग मात्र जमतो.

द्वितीय आमपाचन व अग्नीचे समत्व. मुस्ता, गुडूची, त्रिफळा, ताजे ताक यांवर पहिले तीन-चार आठवडे भर द्यावा. लगेच तीव्र शोधनाकडे वळू नये. सामाईक शौचालय असलेल्या चाळीत विरेचनाचे दिवस म्हणजे रुग्णेला केवढी धास्ती! तेथे ती वेगधारण करते आणि लाभाऐवजी हानी होते. शोधन आवश्यकच असेल तर ते रुग्णालयात व्हावे. वरळीत १९४१ साली स्थापन झालेले रा. आ. पोदार आयुर्वेद महाविद्यालय व त्याचे रुग्णालय चालण्याच्या अंतरावर आहे.

तृतीय लेखन. हरिद्रा, दारुहरिद्रा, वचा, अतिविषा, कटुकी, चित्रक ही लेखनीय द्रव्ये. नवक गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ हे कल्प. आणि बल पाहून लेखनबस्ती. गुग्गुळाबाबत दोन्ही बाजू माहीत असाव्यात. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुताच्या मेदोरोगवर्णनावरून प्रेरणा घेऊन १९६६ साली गुग्गुळावरील प्रबंध सादर केला. त्या दिशेने पुढे झालेल्या कार्यातून लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे गुगुलिपिड १९८७ साली बाजारात आले. उलट २००३ साली अमेरिकेत झालेल्या नियंत्रित चाचणीत त्याने घातक कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी किंचित वाढले व काहींच्या त्वचेवर पुरळ उठले. गुग्गुळ हे संप्राप्तिविघटनाचे एक साधन आहे. पथ्यावाचून दिलेली गोळी नव्हे, हा बोध त्यातून घ्यावा. मध जुना घ्यावा, गरम पाण्यात मिसळू नये.

चतुर्थ आहार. यव, वरी, नाचणी, मूग, तूर, कुळीथ, पडवळ, आवळा. यांतील बहुतेक वस्तू आपल्या रुग्णेच्या माहेरी रोज शिजत होत्या. कोकणातील कुळथाची पिठी व नाचणीची भाकरी ‘गरिबांचे खाणे’ म्हणून मागे पडली आणि तिच्या जागी मैदा आला. तिला नवा आहारतक्ता देण्यापेक्षा जुने ताट परत मिळवून द्यावे. मांसक्षय होऊ नये म्हणून प्रत्येक जेवणात डाळ, कडधान्य, ताक, अंडे अथवा न तळलेला मासा असावा. उपवासाच्या दिवशी साबुदाणा व बटाट्याऐवजी वरीचे तांदूळ व ताक घ्यावे.

पंचम व्यायाम, तोही अर्धशक्तीने. कपाळावर घाम आला व तोंड कोरडे पडू लागले की थांबावे. जांबोरी मैदानाला सकाळी वीस मिनिटे फेऱ्या पुरेशा. भिंतीला टेकून उठबस, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे यांनी मांसधातू टिकतो.

वास्तू बदलली की हेतूही बदलतात. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळी बीडीडी पुनर्विकासातील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या चाव्या मिळाल्या. स्वतःचे शौचालय आले, पाण्यासाठीचे पहाटेचे जागरण संपण्याची आशा आली. वेगधारण व प्रजागर हे दोन हेतू सुटले. मात्र तीन मजल्यांचा जिना जाऊन चाळीस मजली इमारतीचे उद्वाहन आले, आणि सज्जात उभ्याउभ्या मन मोकळे करणाऱ्या शेजारणी बंद दारांआड गेल्या. अव्यायाम व एकलेपणा हे नवे हेतू होत. अशा कुटुंबातील रुग्णेची दिनचर्या पुन्हा पहिल्यापासून विचारावी.

उपसंहार

यशाचे माप आधीच ठरवून घ्यावे. सहा महिन्यांत वजनात पाच टक्के घट, म्हणजे वरील रुग्णेत सुमारे पावणेचार किलो, हे उत्तम यश होय. दर पंधरा दिवसांनी वजन, कटिघेर, झोपेचे तास, जिना चढताना लागणारा दम आणि सकाळचा उत्साह या पाचही गोष्टींची नोंद ठेवावी. काटा हलला नाही तरी कटिघेर दोन सेंटिमीटर उतरला व झोप सहा-सात तासांवर गेली, तर चिकित्सा योग्य मार्गावर आहे असे समजावे आणि तसे रुग्णेलाही सांगावे. तेवढ्या आश्वासनानेही तिची चिंता थोडी हलकी होते, आणि चिंता हा या संप्राप्तीतील मूळ हेतू आहे.

स्थूल रुग्णेला आळशी समजण्याची घाई समाज करतो. वैद्याने ती करू नये. जी स्त्री पहाटे साडेचारपासून रात्री बारापर्यंत उभी असते, तिला कष्ट वाढवा असे सांगण्यात चिकित्सा नाही. तिचे कष्ट ज्या अग्नीवर व ज्या झोपेवर उभे आहेत, ती दोन्ही प्रथम सावरावीत. त्यानंतरच कर्षणाचा विचार करावा.